दारांचे चार दिवस

रत्नागिरीत आमचं घर बांधताना देखरेखीला एक सुपरवायझर होते. रोज सकाळी ते चिऱ्याच्या भिंतीवर खडूने गोल काढत, प्रत्येकात एक काम लिहीत आणि बाणांनी जोडत. "पाइप टाकल्याशिवाय लादी नाय," असं मलाच बजावत, जणू मी लादी घेऊन उभा होतो!

एकदा सुतार घुटमळत आला. दापोलीला माहेरी गेलेल्या त्याच्या बायकोचे दिवस भरले होते. पण वास्तुशांत जवळ आलेली, रजा कशी मागणार? सुपरवायझरांनी बाणांवरून बोट फिरवलं.

"दारांवाचून कुणाचं काम अडत नाय. चार दिवस मोकळे हायत. जा तू!"

दारं पुढे वेळेत बसली, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. पाचव्या दिवशी सुतार पेढे घेऊन हजर.

"मुलगी!" म्हणत त्याने पहिला पेढा सुपरवायझरांच्या तोंडात कोंबला.

"आता दारं," भरल्या तोंडाने ते म्हणाले आणि खडूच्या हातानेच डोळे पुसले.