सात पॉइंट शून्य

काशीदादा नमस्काराच्या आधी प्रश्न विचारायचे. टोकावड्याच्या आमच्या आरोग्य संस्थेत संगणक सांभाळायला आले, त्या सकाळीच माझ्या तक्त्यातल्या मोबाइल नंबरांवर बोट ठेवून म्हणाले, "याची बेरीज करणार का, ताई? नाय ना? मग तो आकडा नाय, नाव हाय. अक्षरांच्या रकान्यात टाका." शिकलेले इंजिनिअर, गाव किन्हवली. एरवी बोलणं शुद्ध. राग आला की गावची बोली यायची. म्हणजे रोजच.

एकदा वैशाखऱ्याच्या आशाताईंचा फोन आला. "ताई, हिचं रक्त सहा पॉइंट आठ हाय, दिवस भरत आलेत. गाडी कुठंय तुमची?" गरोदर बाईचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सातच्या खाली असलं की संगणक तिचं नाव तांबड्या यादीत टाकतो आणि आमची गाडी निघते. हिचं नाव यादीत नव्हतंच.

दादांनी रकाना उघडला. तो फक्त पूर्णांकांचा! सहा पॉइंट आठचे त्यात सात झाले होते. आमच्याकडे सगळे "रक्त सात पॉइंट", "नऊ पॉइंट" असंच बोलतात. रकाना करणाऱ्याला वाटलं, पॉइंट हे मापाचं नाव, शेर-पायलीसारखं. त्याच्यापुढे काही असतं, हे त्यानं कोणाला विचारलंही नाही.

गाडी गेली, बाईला वेळेत रक्त मिळालं. संस्थेच्या साहेबांनी रकाना दशांशाचा करून घेतला आणि खुशीत म्हणाले, "बघा, आला पॉइंट!" पडद्यावर रांगेनं ७.०, ७.०, ७.०.

"साहेब, ते शून्य कोनी मोजलं?" दादा ओरडले. "माप मोठं केलं म्हनून आधी सांडलेलं परत येतं का? यातल्या किती जणी सातच्या खाली हायेत, तुमाला ठाव हाय? सगळ्या सातवाल्यांचं रक्त परत तपासा."

"अहवाल वर गेलाय. आता उकरू नका. दशांशानं कोणी मरत नाही."

"वैशाखऱ्याची मरत व्हती!"

दादांचा करार पुढे वाढवलाच नाही. निरोपाला शाल-नारळ दिला आणि साहेब भाषणात म्हणाले, "माणूस हुशार, पण तापट." तापट! बायकांच्या जिवावर शून्य चिकटवणारा शांत, आणि ते खरवडणारा तापट. दादांनी शाल खुर्चीवर ठेवली. जाताना मला एवढंच म्हणाले, "ताई, सातवाल्या सोडू नका."

नाही सोडल्या. गावांप्रमाणे यादी लावली, दिवस भरत आलेल्या आधी घेतल्या, रक्त परत तपासायला गावोगावच्या आशाताईंना फोन केले. काल पहिल्या गावात दोघी सातच्या खाली निघाल्या. गाडी मीच पाठवली.

आज साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "हे कोणाच्या परवानगीनं चाललंय?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. "आधी सांगा साहेब, ते शून्य कोणी मोजलं?"