आधी सेटिंग, मग किक

जगतपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या बागेत मी रोज सकाळी चालते. तिथे एक गृहस्थ स्मार्ट फुटबॉल घेऊन येत. नाव मी कधी विचारलं नाही. रविवारी शेजारच्या सोसायटीशी सामना होता आणि काहीही करून त्यांना संघात जागा हवी होती. पण चेंडूला पाय लागेल तर शपथ! बाकावर बसून ते चेंडूच्या अ‍ॅपमध्ये उंची, वजन, आवडता पाय भरत. चेंडू फोनशी जोडत आणि जोडणी तुटली की पुन्हा जोडत. नवे बूट पांढरेशुभ्रच राहिले.

"भाईसाहब, एक किक तो मारिए," मी एकदा न राहवून म्हटलं.

"पहले सेटिंग, भाभीजी, फिर किक," ते फोनवरून नजर न हलवता म्हणाले.

शनिवारी एकदाचा अ‍ॅपने सराव सुरू केला. ते नाडी बांधायला वाकले, तेवढ्यात बागेतल्या कुत्र्याने चेंडू नाकाने ढकलत हिरवळभर पळवला.

"एक्सलंट कंट्रोल!" फोन म्हणाला.

गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

रविवारी ते संघात होते आणि आम्ही सपाटून हरलो. खरा खेळाडू रेषेबाहेर शेपटी हलवत बसला होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.