घासून लख्ख केलेलं झाकण

आमच्या ह्यांना मळकी वस्तू बघवत नाही. नंदकुमार त्यांचं नाव. कुवेतमधल्या जाब्रियात एका दातांच्या दवाखान्यात वीस वर्षं कवळ्या आणि कॅप बनवतात. कुणी हसलं, की त्याची कॅप कोणत्या कारागिराने घासली ते सांगणार. "प्रत्येकाचा हात वेगळा असतो, रेखा!" लग्नाच्या पंगतीत समोरच्याच्या तोंडात डोकावणारा नवरा मिळाला, की बायकोने तोंड कुठे लपवायचं?

दवाखान्याचे मालक डॉक्टर फैसल यांनी दोन वर्षांपूर्वी आम्हाला खैरानच्या शॅलेत, म्हणजे त्यांच्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या घरी, बोलावलं होतं. भिंतीवर एक लांबलचक बंदूक, दोनशे वर्षांची. त्यांच्या वडिलांनी अमेरिकेत शिकताना घेतलेली. लाकडी दस्त्यात छोटा कप्पा, त्याला पितळेचं काळवंडलेलं झाकण. झालं! मंडळी समुद्रावर गेली आणि ह्यांनी गाडीतून पॉलिशचं मशीन आणून ते झाकण देवघरातल्या समईसारखं लख्ख केलं. कुणाला सांगितलंही नाही. आपोआप दिसेल, कौतुक होईल, असं वाटलं असणार. पण कुणी बघितलंच नाही.

यंदा डॉक्टरांचे वडील वारले. बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं आणि ते शोधायची वडिलांना फार इच्छा होती. म्हणून डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका जाणकाराला फोटो पाठवले. उत्तर आलं: नाव नसलं तरी झाकणावरच्या नक्षीच्या रेघांवरून कारागीर ओळखता येतो, पण इथे कुणीतरी झाकण घासून त्या पुसट रेघाच घालवल्यात. आता नाव कळणं नाही.

डॉक्टरांनी शॅले सांभाळणाऱ्या झहूरला विचारलं. बारा वर्षांपासूनचा जुना माणूस. "मुझसे हुआ, साब," म्हणाला. महिनाअखेरीस निघून जा, असं त्याला सांगण्यात आलं.

दवाखान्यात ही बातमी कळली तसे हे घरी येऊन न जेवता बसले. आणि मी काय म्हटलं? "गप्प बसा. तुमचा इकामा, इथे राहायचा परवानाच त्यांच्या हातात आहे. आपल्या आर्याची बारावी आहे." मीच म्हटलं. मी नर्स आहे, दुसऱ्याचं दुखणं मला कळतं म्हणतात. आठ दिवस आम्ही गप्प राहिलो. लाज वाटत होती, आणि दुसऱ्या दिवसापासून भूकही लागत होती.

नवव्या दिवशी ह्यांनी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. "हात ओळखणारे तुम्हीच ना?" डॉक्टर एवढंच म्हणाले. मग, "झहूरला तुम्हीच जाऊन थांबवा."

शुक्रवारी खैरानला गेलो. झहूर बॅगेला दोरी बांधत होता. ह्यांनी हात जोडले. त्याने घाईघाईने ते धरून खाली घेतले.

"आपको मालूम था?" मी विचारलं.

"मशीन लाते देखा था, भाभी."

"फिर अपने ऊपर क्यों लिया?"

"ये दाँत इन्हीं साब ने बनाए हैं. एक फिल्स नहीं लिया. नाम कैसे लेता?"

ती फुकटची कवळी हे बनवत होते तेव्हा मीच ह्यांच्यापाशी किती कुरकुरले होते. झहूर हसला. सरळ, नेटके दात. कुठे नाव नव्हतं, पण हात कुणाचा ते मलाही ओळखू आलं. हे खाली बघत उभे होते. मलाही वर बघवेना.