दीड वाजताची ओळ

आमच्या यायची, म्हणजे लेकीच्या बाबायची, नोकरी पुण्यात, आन् तिथं फोन गेटवरच जमा करा लागते, म्हणून लेकीले पाहाले यायनं पायथन नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत इंटरनेटवरचं एक लहानसं पान बनवलं आन् घाटंजीच्या घरातल्या जुन्या कम्प्युटरवर ठेवलं. मी त्यात व्हिडिओ टाकायची, हे जेवाच्या सुट्टीत हापिसच्या कम्प्युटरवर पाहायचे. बाहेरून कोणी पान मांगितलं का ते देणाऱ्या प्रोग्रामले सर्व्हर म्हणतात, हे बी मले यायनंच सांगितलं, मी दहावीच्या पुढं गेली नाही. कम्प्युटरच्या पडद्यावर एका काळ्या खिडकीत तो चालायचा, कोणी पान पाह्यलं का तिथं एक ओळ उमटायची. दीडच्या सुमाराची ओळ म्हणजे हेच. लेकीले कडेवर घेऊन मी तिथं बसायची, ओळ आली का वाटे, आले घरी.

मंग लेक चालली. चार पावलं! लगेच व्हिडिओ टाकला, दीड वाजला, ओळ नाही, पावणेदोन, ओळ नाही, माह्या हातून काही मोडलं का काय म्हणून वायरी चाचपून राह्यलती, तेवढ्यात मुकुटबनहून नणंदेचा फोन.

"वहिनी, पोरगी चालली वं! पण लय अडकत अडकत चालून राह्यली!"

तेबी तेच पान उघडून बसलती, पण तिच्याकडं रेंज नाही, व्हिडिओ थेंब थेंब जाऊन राह्यलता, आन् हा सर्व्हर असा, का एकाचं झाल्याबिगर दुसऱ्याले हातच लावत नाही. तेवढ्यात यायची जेवाची सुट्टी सरली.

संध्याकाळी यायनं फोनवर दुसऱ्या सर्व्हरची दोन नावं धाडली, गुनिकॉर्न आन् वेट्रेस. "दोन्ही हलके हायेत. तूच लावून पाय."

"मी? अवो, जळलं-बिळलं तं?"

"सर्व्हर हाय तो, गॅस नाही."

गुनिकॉर्न लावला तं लांबलचक इंग्रजी आलं, मी भेलीच. हे हासले, "अरे हो, आपल्या घरी विंडोज हाय, त्याच्यावर हा चालत नाही. मी इसरलोच." घरी काय हाय ते इसरले, मले लागलं ते.

वेट्रेस लागला. जुना कम्प्युटर दमला नाही, चौघायले एकदम पान देते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचा फोन, "चार नाही, पाच पावलं हायेत, मोजली मी."

पण हा सर्व्हर मुका हाय. सुरू झाला म्हणून एक ओळ टाकते, मंग कोणी येवो, जावो, काहीच सांगत नाही. मी यायले म्हणलं तं हे म्हणले, "ओळ पाह्यजे तं जुनाच चालू कर."

नाही केला. जुन्यात मले हे दिसत, पण नणंद आधी आली का यायले लेक दिसत नाही.

तरी दीड वाजता लेकीले घेऊन मी बसतो. खिडकी काळीच. आता पाहून राह्यले असतीन, म्हणतो, आन् तिचे केस नीट करतो, व्हिडिओ तं सकाळचाच असते.