होविकचा अर्धा गुण

आर्मेनियातल्या ग्युम्रीत सेद्राकला कोणी बुद्धिबळाचा खेळाडू म्हणत नसे, त्याला 'डोकं' म्हणत. स्वतः पटावर बसला की तासाभरात हात टेकायचा. पण दुसऱ्याचा अडलेला डाव पुढे ठेवला की रात्रभर जागून सकाळी निकाल सांगायचा: हा जिंकलेला, हा बरोबरीचा, हा गेलेला. त्या काळी लांबलेला डाव संध्याकाळी थांबवून दुसऱ्या दिवशी पुरा करत, आणि मधल्या रात्रीला अशी डोकी लागत. सेद्राकचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ग्युम्रीची निम्मी घरं काळ्या दगडाची, तेव्हा रेघांनाही तोटा नव्हता.

आता त्याला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शहरातले पन्नास जुने गाजलेले डाव संगणकाकडून तपासून पुस्तक काढायचं काम बुद्धिबळ भवनाने त्याला दिलं होतं, आणि रशियात क्रास्नोदारला राहणाऱ्या लेकीने लॅपटॉप पाठवला होता. पहिले काही आठवडे गडी खुशीत होता. मेलेल्या उस्तादांच्या चुका सापडल्या की बायकोला हाका मारून दाखवायचा.

"मेलेल्यांना तरी सुखानं पडू दे," अर्पेनिक म्हणायची. "त्यांच्या वेळी हे यंत्र असतं तर तुला कुणी कुत्र्यानं विचारलं नसतं."

एकोणपन्नास डाव झाले. एक तो सारखा मागे ढकलत होता, दोस्त होविकचा.

एकोणऐंशी सालचा तो डाव. होविककडे पांढरी मोहरी, समोर तिबिलिसीचा नावाजलेला मास्टर. तेविसाव्या चालीला होविकने घोडा दिला, ती चाल ग्युम्रीच्या शाळांत अजून शिकवतात. पुढे मात्र तो घसरला, आणि डाव थांबला तेव्हा एका प्याद्याने मागे होता. बरोबरी, म्हणजे अर्धा गुण मिळाला असता तर तो मास्टर झाला असता. मास्टरला येरेवानच्या क्लबात नोकरी होती, नोकरीबरोबर घर होतं. रात्रभर दोघे पटावर वाकून बसले. पहाटे होविक म्हणाला, "आणि मी हत्तीच फेकला तर?" सेद्राक हसला होता. "पहिलीतलं पोर आहेस का? गेलाय डाव. सही कर आणि झोप."

होविकने हार मानून सही केली. मग मोज्यांच्या कारखान्यात लागला, कारखान्याच्याच इमारतीत राहिला. नऊ वर्षांनी डिसेंबरात ग्युम्रीची जमीन हलली आणि ती इमारत कोसळली, तेव्हा त्याची बायको क्नारिक चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरात होती.

होविकने कधी बोल लावला नाही. दर गुरुवारी चारला कॉफीला यायचा आणि विषय निघालाच तर म्हणायचा, "गेलेलाच डाव तो. तू तरी काय करणार?" त्या एका वाक्यावर सेद्राकने इतकी वर्षं काढली होती.

आज गुरुवार होता. पुस्तक छापायला जाण्याआधी होविक आपला डाव बघायला येणार होता. आता टाळणं शक्य नव्हतं.

दुपारी सेद्राकने चुलीवर कॉफी चढवली आणि ती स्थिती यंत्रावर मांडली. उणे पाच, यंत्र म्हणालं. म्हणजे गेलेला. 'असंच राहू दे,' त्याने मनात हात जोडले. मित्राच्या हरण्यासाठी असा नवस कोणी केला नसेल. कॉफीला फेसही आला नव्हता, तोवर आकडा शून्यावर गेला. शून्य म्हणजे बरोबरी.

खाली पहिलीच चाल होती: हत्ती फेकायचा. काळ्या राजाने हत्ती खाल्ला की कोपऱ्यातल्या पांढऱ्या राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. उरलेलं एकच प्यादं, ते काळ्या प्याद्याला थटून अडकलेलं. चालच उरत नाही, डाव बरोबरीत. न खाल्ला तर हत्ती जन्मभर शह देत मागे लागतो.

सेद्राकची पाचावर धारण बसली. त्याने दुसरं यंत्र लावलं. शून्य. तासभर चालू ठेवलं. शून्यच. आपल्या आठवणीत चूक असेल म्हणून होविकच्या हातचा पिवळा कागद शोधून चाल न् चाल पडताळली. आठवण बरोबर होती, देवाने तेवढीही सूट दिली नाही.

मग त्याने ते प्यादं एक घर मागे घेतलं. आता ते अडकलेलं नव्हतं, त्याला चाल होती, आणि फेकलेला हत्ती फुकट जात होता. उणे सहा. सेद्राकला श्वास आला. स्वतःची किळस आली, तरी श्वास आलाच. तीच स्थिती त्याने पुस्तकात भरली आणि लाकडी पटावरही मांडून ठेवली.

"बरं नाही का तुला?" अर्पेनिकने दारातून विचारलं.

"काही नाही. कॉफी उतू गेली, तेवढी पूस."

बरोबर चारला होविक आला. टोपी न काढताच पटावर वाकला आणि दोन बोटांनी प्यादं पुढे सरकवलं.

"हे इथं होतं. झोप आली नाही की मी ही प्यादीच मोजतो."

"चुकून राहिलं."

"तुझं? चुकून?" होविक हसला. "म्हातारा झालास रे." मग त्याने सेद्राककडे पाहिलं, आणि हसू मावळलं. "यंत्र काय म्हणतं?"

'गेलेला' एवढंच म्हणायचं होतं. लॅपटॉप मिटलेला होता, होविकला तो उघडताही येत नसे. सेद्राकने तोंड उघडलं.

"शून्य," तो म्हणाला.

"चाल?"

सेद्राकची नजर हत्तीवर गेली. होविकने हत्ती उचलला आणि काळ्या राजाशेजारी ठेवला.

"खा."

"होविक जान, ऐक..."

"खा म्हणतो ना."

सेद्राकने खाल्ला. होविक त्या अडकलेल्या प्याद्याकडे बघत बसला. अर्पेनिकने आणून ठेवलेली कॉफी निवली.

"येरेवानचं ते घर तळमजल्यावर होतं," तो म्हणाला. "क्नारिकनं पडद्यांचं कापड घेऊन ठेवलं होतं. पिवळं."

सेद्राकला रडू फुटलं. होविकने ते थांबायची वाट पाहिली नाही.

"शेवटी काय लिहिलंयस पुस्तकात?"

"पांढऱ्याने डाव सोडला."

"प्यादं जागेवर ने. आणि ते खोड. सेद्राकने सोडला, असं लिही."

सेद्राकने एका बोटाने अक्षर अक्षर लिहिलं. होविकने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि टोपी सारखी केली.

"गुरुवारी वाट बघू नकोस," तो म्हणाला.