सोमवारचा किनोआ

पिंपळे गुरवच्या शालनबाईंना डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा त्या अगदी शांत होत्या. भात कमी, चहा बिनसाखरेचा, सकाळी चालणं, सगळ्याला त्यांनी मुकाट मान हलवली. पण "साबुदाणा बंद करा, नाहीतर उपवास तरी" असं ऐकल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे असं काही पाहिलं, की त्या बिचाऱ्याने नजर चुकवून कागदावर उगाच काहीतरी खरडलं.

सोमवार त्यांना जिवापाड प्यारा. मुलगा प्रीतम तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला होता, डोळा उघडेना. तेव्हा त्यांनी महादेवाला सोमवारच्या उपवासाचा शब्द दिला आणि पोरगं उठून बसलं. आज ते पोरगं चाकणच्या कंपनीत सुपरवायझर आहे आणि त्याचं पोट सुटलंय. मधल्या काळात शेत गेलं, तिथेच सात मजली इमारत आली, शालनबाई तिच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या, पण एक सोमवार चुकला नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी दिवा लावून उपवास सोडायचा, हे ठरलेलं.

सून प्राजक्ता हिंजवडीला नोकरीला. ती डब्यात किनोआ नावाचं बारीक दाण्याचं परदेशी धान्य शिजवून न्यायची. "आई, हा खाऊन बघा. प्रोटीन भरपूर, आणि साखर भसकन चढत नाही."

"उपवासाला चालतंय का, त्येवढं सांग. बाकीचं तुझ्या हापिसात सांग."

ते काही प्राजक्ताला सांगता येईना. शेजारच्या गिरजाबाई म्हणजे उपवासाच्या बाबतीत गल्लीचं कोर्ट. त्यांनी परदेशी धान्य म्हणून जागच्या जागी निकाल दिला, चालत नाही.

तरी रविवारी घरात कोणी नाही असं बघून शालनबाईंनी खिचडी करून पाहिली. साबुदाण्यासारखाच पाण्याचा हबका मारून किनोआ झाकून ठेवला, मग फोडणीला टाकला. पहिलाच घास कडूजहर! त्या कढईसमोर बसून चक्क रडल्या. तेवढ्यात त्यांचे यजमान आबाजी बाहेरून आले. "आता सोड की उपास. देव काय हजेरी घेतोय व्हय?" असं म्हणाले, आणि त्या दुपारी त्यांना चहा मिळाला नाही.

संध्याकाळी प्राजक्ताने सगळा प्रकार ऐकला आणि हसू दाबत म्हणाली, "आई, आधी चोळून धुवायचा असतो." तिने मूठभर किनोआ धुऊन दाखवला. पाण्यावर साबणासारखा फेस आला. तिसऱ्या पाण्याला तो गेला आणि कडूपणाही गेला.

"चवीचं मिटलं," शालनबाई म्हणाल्या. "पन देवाचं?"

डब्यातले कोरडे दाणे त्यांनी तळहातावर घेतले, बोटाने पसरले, बराच वेळ पाहिले. मग एकदम उठून लोखंडी कढई चढवली.

"आमच्या बांधावर राजगिरा व्हायचा. त्यो उपासाला चालतोय, आन् कढईत टाकला की फुटतोय. ह्यो फुटला तर त्याच्याच भावकीतला. न्हाई फुटला तर परका."

कढई तापली. दाणे पडले. दोघी श्वास रोखून वाकल्या. काही होईना. शालनबाईंचा चेहरा उतरला. आणि मग एक दाणा टुणकन उडाला, मागोमाग दुसरा, आणि बघता बघता कढईभर तडतड सुरू झाली. शालनबाईंनी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

सोमवारी दाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची, बटाटा घालून खिचडी झाली. गिरजाबाईंकडे ताटली गेली. त्यांनी आधी दोनदा मागवून घेतलं, मग निकाल फिरवला. आबाजींचा उपवास नव्हता, तरी तेही पाटावर येऊन बसले.

भांडी घासताना प्राजक्ताने हळूच विचारलं, "आई, काल तो फुटलाच नसता तर?"

शालनबाईंनी कढई पालथी घातली आणि पदराला हात पुसले.

"तर ग्यास अजून मोठा केला असता."