समोरच्याची डावी बाजू

दोघा भावांच्या सलूनमध्ये कात्री धाकट्याची आणि जीभ थोरल्याची, असं गिऱ्हाईकं म्हणत. थोरला अर्धी दाढी साबणात ठेवून गोष्ट रंगवायचा, आणि साबण वाळला तरी माणूस उठायचा नाही. धाकट्याला सगळे मुका म्हणत. त्याने कधी गोष्ट सांगायला घेतलीच, तर थोरला वस्तरा थांबवून म्हणे, "अरे, शाळेत शिरली ती म्हैस नव्हती, रेडा होता. गप काप तू."

तोच थोरला परवा वस्तऱ्याला धार लावता लावता कोसळला. मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी तुंबली होती. तेव्हापासून तो दवाखान्यात निपचित पडून होता. ना डोळा उघडत होता, ना हात हलत होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "डावा मेंदू गेला, तर उजवा हात जातो आणि बहुतेकांची वाचाही. किती गेलंय ते फोटोत कळेल. शिवाय मेंदूच्या पेशी मेल्या की त्यांतलं एक द्रव्य रक्तात उतरतं. तेही मोजतोय."

आज बाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर लावला. मुठीएवढा काळा डाग होता, पण उजवीकडे. मुक्याच्या जिवात जीव आला.

"बाई, वाचा राहिली म्हणायची."

बाईंनी डागावर बोट ठेवलं. "दादा, पेशंटच्या समोर उभं राहून पाहावं, तसा हा फोटो असतो. तुमची उजवी ती त्यांची डावी."

तीस वर्षं समोर उभं राहून त्याने लोकांचे कल्ले सारखे केले होते. हे त्याच्या हातांना पाठ होतं. आज डोळ्यांना आठवायचं नव्हतं.

"आणि रक्त?"

"पहिल्या दिवसापेक्षा चौपट. पेशी अजून मरतायत. खोटी आशा नाही लावत."

बाहेर बाकावरून वहिनी उठल्या. "काय म्हणाल्या, भावोजी? बोलतील ना हे?"

"दादाची दाढी वाढलीय," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी थोरल्याचे डोळे उघडले, पण ते कुठेच पाहत नव्हते. मुक्याने त्याच्या गालांना साबण लावला आणि जन्मात बोलला नसेल इतका बोलू लागला.

"एकदा काय झालं दादा, शाळेत एक म्हैस शिरली."

त्याने वस्तरा थांबवला.

"म्हैस, दादा," तो पुन्हा म्हणाला.

गालावरचा साबण वाळत गेला.